थंडी पडली की वर्णपटाच्या रेषा जाड होतात: लेन्स परत घासायला देण्याआधी कडं तपासा

ही तक्रार बहुतेक दिवाळीनंतर येते. सांगलीत टेबलावर जुळवला तेव्हा स्पेक्ट्रोग्राफ (प्रकाश फोडून त्याचा वर्णपट टिपणारं यंत्र) उत्तम होता. निऑनच्या रेषा बारीक आणि सरळ, सोडियमची जोडी स्वच्छ सुटी. दुर्बिणीला लावून तो साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर नेला, पहिला तासभर मजेत गेला आणि मध्यरात्र उलटली तशा रेषा जाडावल्या. काहींना एका बाजूला शेपूट आलं. कधी कधी अख्खा वर्णपटच काही पिक्सेल सरकला. सकाळी यंत्र खाली आणून पुन्हा टेबलावर ठेवलं की दुखणं गायब. त्यामुळे कुणी मनावर घेत नाही, पुढच्या थंडीत पुन्हा तेच होतं, आणि शेवटी ठपका बसतो लेन्स घासणाऱ्यावर.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं काम लेथचं. कॉलेजांच्या आणि हौशी मंडळींच्या स्पेक्ट्रोग्राफसाठी लेन्सची कडी (लेन्स ज्यात बसते ती धातूची रिंग), आरशांच्या बैठका, ग्रेटिंगचे (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीचे) धारक इथे होतात. म्हणजे मी काचेच्या बाजूने नाही, काच धरणाऱ्याच्या बाजूने बोलतोय, आणि तरीही सांगतो: दोष बहुतेक वेळा आमच्याच बाजूला असतो. खाली धरलेला नमुना असा: ५० मिमी व्यासाची बीके७ काचेची लेन्स, मिमीला १२०० रेघांचं ग्रेटिंग, २५ मायक्रॉनची स्लिट (प्रकाश आत येतो ती अरुंद फट) आणि सगळं ॲल्युमिनियमच्या पाटावर, म्हणजे तळाच्या प्लेटवर.

आधी दुखणं वेगळं करा

"रेषा बिघडल्या" या एका वाक्यात तीन निराळी दुखणी असतात. रेष दोन्ही बाजूंनी सारखी पसरली तर फोकस हलला. एका बाजूला शेपूट आलं किंवा रेष तिरपी फाकली तर कुठली तरी काच आवळली गेली. रेष बारीकच राहिली पण जागा सोडली तर ग्रेटिंग किंवा पाट हलला. तिन्ही एकदम झालेलीही असतात, पण औषध वेगळं असल्यामुळे निदान एकेकाचंच करायचं.

तपासणी ताऱ्यावर करू नका. तारा स्वतःच्या कारणाने रुंद रेषा देतो. श्रवण नक्षत्रातला ठळक तारा स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो, सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर, की त्याच्या रेषा तुमचं यंत्र कितीही चांगलं असलं तरी पसरटच दिसणार. वाऱ्याने दुर्बीण हलली तर तारा स्लिटवर नाचतो, प्रकाश कमी-जास्त होतो, आणि माणूस भलत्याच गोष्टीमागे लागतो. त्या पठारावर पवनचक्क्या काही उगाच उभ्या केलेल्या नाहीत. निऑनचा छोटा दिवा स्लिटपुढे धरा, मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवा म्हणजे प्रकाश लेन्सभर सारखा पसरेल. ५८५.२ आणि ६४०.२ नॅनोमीटरच्या रेषा घ्या. निऑन नसेल तर सीएफएल दिव्यातल्या पाऱ्याच्या ५४६.१ आणि ५७७-५७९ च्या रेषा चालतात. रस्त्यावरचा जुना पिवळा सोडियम दिवा मात्र नको. त्यात दाब जास्त असतो आणि त्याच्या रेषा मुळातच रुंद असतात.

आता अर्ध्या झाकणीची परीक्षा. काळ्या पुठ्ठ्याने कॉलिमेटरच्या (स्लिटमधून आलेला प्रकाश समांतर करणाऱ्या) लेन्सचा डावा अर्धा भाग झाका, एक फोटो घ्या. मग उजवा झाका, दुसरा घ्या. फोकस बरोबर असेल तर रेष दोन्ही फोटोंत एकाच पिक्सेलवर राहते. फोकस हललेला असेल तर ती एकदा इकडे, एकदा तिकडे सरकते, आणि ज्या दिशेने सरकते त्यावरून कॅमेरा आत घ्यायचा की बाहेर हेही कळतं. ही दिशा दिवसा टेबलावर मुद्दाम फोकस बिघडवून आधीच बघून ठेवा आणि पाटावर मार्करने लिहा. रात्री कुडकुडत तर्क चालत नाही. झाकण्यांनी रेष जागची हलली नाही, पण तिचा आकारच दोन फोटोंत वेगवेगळा दिसला, तर फोकस सोडा आणि थेट पुढच्या भागाकडे या.

शेपूट: इथेच खरी मेख आहे

ॲल्युमिनियम एका अंशाला दर मीटरमागे सुमारे २३.६ मायक्रॉन आकसतं, बीके७ काच ७.१ मायक्रॉन. फरक साडेसोळा. दुपारी शेडमध्ये ३२ अंशांना लेन्स बसवली आणि पहाटे पठारावर १२ अंश झाले, तर २० अंशांत ५० मिमी व्यासावर कडं काचेपेक्षा १६.५ मायक्रॉन जास्त आवळतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि गार झाल्यावर ती लाकडाला करकचून धरते, तोच प्रकार, फक्त इथे आत काच आहे. फ्यूज्ड सिलिका असेल तर आणखी वाईट: ती जवळपास आकसतच नाही, त्यामुळे तोच आकडा २३ मायक्रॉनवर जातो.

आता ड्रॉइंग काढा आणि बोअरवर, म्हणजे लेन्स बसते त्या भोकाच्या मापावर, काय लिहिलंय ते बघा. दहांतल्या बऱ्याच ड्रॉइंगवर सवयीने एच७-जी६ (भोक आणि आतला भाग यांत किती मोकळीक ठेवायची याचा ठरलेला कोड) लिहिलेलं असतं, कारण शाफ्ट आणि बुशला आपण तेच देतो. ५० मिमीला त्यात कमीत कमी मोकळीक ९ मायक्रॉन, जास्तीत जास्त ५०. म्हणजे नग टॉलरन्सच्या घट्ट टोकाला निघाला तर थंडीत हमखास आवळणार, सैल टोकाला निघाला तर नाही. एकाच ड्रॉइंगवरून केलेल्या दोन यंत्रांपैकी एक रडतं आणि दुसरं हसतं, त्याचं कारण हे. टर्नरची चूक नाही; त्याने दिलेल्या मापात जॉब दिला.

पण नुसतं सगळीकडून सारखं आवळलं असतं तर इतकं बिघडलं नसतं. सारखा दाब आला तर लेन्सचा आकार गोलाकार सममितीने बदलतो, थोडा फोकस हलतो, बस. शेपूट येतं कारण बोअर गोल नसतो. पातळ भिंतीचं कडं लेथच्या तीन जबड्यांच्या चकात धरून बोअर केलं की चकात असताना ते गोल असतं, आणि जबडे सोडले की धातू मूळच्या ताणावर परत जातो व बोअर किंचित तिकोनी होतो. गंमत अशी की दोन टोकांच्या बोअर गेजने हा तिकोन सापडत नाही. कुठूनही मोजा, व्यास तोच येतो. क्यूसीच्या कागदावर सगळं हिरवं आणि लेन्स मात्र तीन ठिकाणी दाबलेली.

ते डोळ्यांनी बघायला महागडं उपकरण लागत नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनवर पांढरं पान उघडा. एलसीडीतून येणारा प्रकाश ध्रुवित असतो. स्क्रीनसमोर कड्यासकट लेन्स धरा आणि कॅमेऱ्याचा पोलरायझर फिल्टर किंवा पोलराइज्ड गॉगल फिरवत फिरवत पांढरं पान काळं होईल तिथे थांबा. लेन्सवर ताण नसेल तर तीही काळीच राहते. तीन ठिकाणी दाबली असेल तर काठाशी तीन उजळ डाग उमटतात, आणि कधी कधी त्यातला एक बाकीच्यांपेक्षा ठळक असतो. ही परीक्षा खोलीत करून उपयोग नाही, कारण खोलीत ताण नसतोच. गार करून बघायची. कशी, ते शेवटी सांगतो. एक लक्षात ठेवा: सगळीकडून सारखा दाब असेल तर या परीक्षेत तो दिसत नाही. डाग नाहीत म्हणजे कडं सैल आहे, असं समजू नका.

नायलॉनच्या टोकाचे तीन ग्रब स्क्रू लावून लेन्स मध्यावर आणायची पद्धत अजून चालते. जुळवणीपुरती ठीक आहे. स्क्रू तसेच ठेवून यंत्र डोंगरावर नेलं तर शेपूट तुम्हीच बांधून नेलं.

कडं कसं करायचं

पहिली गोष्ट, बोअर मोकळा करा. व्यासावर ०.१ मिमी मोकळीक द्या. एफ/८ च्या कॉलिमेटरला लेन्स काही मायक्रॉन मध्याबाहेर गेली तर फरक जाणवत नाही. आवळली तर जाणवतो. बोअर शेवटच्या कटाला चकात न धरता फेसप्लेटवर वरून क्लॅम्प करून घ्या, किंवा मऊ जबडे कड्याच्या मापाला कापून घ्या. लेन्सचा खालचा टेकू आणि ती वरून धरणारी रिटेनर रिंग एकाच त्रिज्येवर टेकली पाहिजे. एक आत आणि एक बाहेर टेकली की रिंग आवळताच काच वाकते. रिंग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मध्ये पातळ ओ-रिंग ठेवा. पान्याचं काम इथे नाही.

मग लेन्स जागेवर कशी राहणार? सिलिकॉन रबराच्या गाद्यांवर. १२० अंशांवर तीन भोकं पाडा, लेन्सभोवती पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) घालून ती मध्यावर धरा, भोकांतून आरटीव्ही, म्हणजे आपोआप घट्ट होणारं सिलिकॉन रबर, सोडा, बसल्यावर शिम काढा. रबर थंडीत धातूपेक्षा कितीतरी जास्त आकसतं, अंशाला मीटरमागे सुमारे २५० मायक्रॉन. म्हणून गादीची जाडी बरोबर ठेवली तर कडं आत येतं तेवढं रबर मागे जातं आणि काचेला काहीच कळत नाही. साधा हिशेब: लेन्सची त्रिज्या गुणिले धातू आणि काच यांच्यातला फरक, भागिले रबर आणि धातू यांच्यातला फरक. आपल्या नमुन्यात २५ गुणिले १६.५ भागिले २२६, म्हणजे १.८ मिमी. गादीच्या जागी कड्यात तेवढी खोलगट जागा करा. सुट्या गाद्यांना हा आकडा ठीक आहे. सबंध घेरात रबर भरणार असाल तर मात्र तो लावू नका: रबराला बाजूला सरकायला जागा उरत नाही, सगळं आकसणं त्रिज्येच्या दिशेनेच होतं, आणि जाडी बरीच कमी लागते.

रबर घेताना वास घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो. ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि ते बंद पेटीत आरशाच्या व ग्रेटिंगच्या लेपाजवळ नको. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

आणि आता माझा हट्ट. सगळ्यांना कडं ॲल्युमिनियमचं हवं असतं, काळं ॲनोडाइझ केलेलं, दिसायला सुबक. परदेशी ड्रॉइंगवर टायटॅनियम लिहिलेलं असतं, कारण त्याचं प्रसरण ८.६ आहे, काचेच्या अगदी जवळ. पण त्याची किंमत ऐकून कॉलेजचा प्रस्ताव तिथेच थांबतो. आपल्या दारात काय आहे ते कुणी बघत नाही. सांगली, मिरज, कुपवाड, पलूस, किर्लोस्करवाडी हा सगळा ओतकामाचा पट्टा आहे. साध्या करड्या बिडाचं प्रसरण १०.५ च्या आसपास. बीके७ शी फरक साडेतीनचाही नाही. वरच्याच हिशेबात ५० मिमीला २० अंशांत बिडाचं कडं काचेपेक्षा फक्त ३.४ मायक्रॉन जास्त आवळतं. एच७-जी६ चा सगळ्यात घट्ट नगसुद्धा यात तरून जातो.

बिडाचे तोटेही आहेत. ते ॲल्युमिनियमच्या अडीचपटीहून जड. दुर्बिणीच्या टोकाला लटकणाऱ्या यंत्रात हे वजन झेपत नाही. फायबरने प्रकाश आणून स्पेक्ट्रोग्राफ जमिनीवर ठेवणार असाल तर वजनाचं काही देणंघेणं नाही, उलट बरंच. दुसरं, ओतीव नगात ताण असतो. रफ कटिंग करून तो ताण काढून घ्या, निदान महिनाभर पडू द्या आणि मगच फिनिश कट घ्या, नाहीतर बोअर नंतर स्वतःहून आकार बदलतो. तिसरं गंज, आतून मॅट काळा रंग द्यावाच लागतो, तो गंजालाही पुरतो. आणि बिडाची कडी ॲल्युमिनियमच्या पाटावर दोन्ही टोकांना करकचून आवळू नका. एक बाजू पक्की, दुसरीला लांबट भोक, नाहीतर पाटच धनुष्यासारखा वाकतो.

फोकस

इथे फार खल नको. कॅमेऱ्याकडची बाजू २०० मिमी धरली तर ॲल्युमिनियमचा पाट २० अंशांत ०.०९४ मिमी आखडतो, आणि त्याच वेळी बीके७ लेन्सचं नाभीय अंतर दहा मायक्रॉनही बदलत नाही. एफ/४ ला याचा अर्थ सुमारे २० मायक्रॉनचा धुरकट ठिपका, म्हणजे जवळपास स्लिटच्या रुंदीएवढाच. रेष दीडपट जाड दिसली तर नवल नाही. यंत्र उघड्यावर दोन तास गार होऊ द्या, मग अर्ध्या झाकणीने फोकस करा, पहाटे एकदा पुन्हा करा. अनेकांचं काम इतक्यातच भागतं. ॲक्रोमॅट (दोन काचा जोडून केलेली लेन्स) वापरत असाल तर हिशेब दोन्ही काचांचा वेगळा करावा लागतो; ईडी जातीच्या काचांचा अपवर्तनांक तापमानाबरोबर उलट्या दिशेने बदलतो, तेव्हा कॅटलॉगमधले आकडे घेऊनच बसा.

रेष सरकते तेव्हा

ग्रेटिंग अवघं १० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फिरलं तर १२०० रेघांच्या नेहमीच्या मांडणीत वर्णपट सुमारे ०.०७ नॅनोमीटर सरकतो. १० विकला म्हणजे ५० मिमी लांबीच्या दांड्याच्या टोकाला अडीच मायक्रॉन. ग्रेटिंग फिरवायचा स्क्रू, त्याची स्प्रिंग, तळाचा बुश, यांतलं काहीही एवढं हलू शकतं. शिवाय ग्रेटिंग साध्या काचेवर असेल तर थंडीत काचेबरोबर रेघांमधलं अंतरही आकसतं. २० अंशांत तेवढ्यानेच ०.१ नॅनोमीटर जातो.

थंडीने सरकते की लवचिकतेने, हे ओळखायला निऑन चालू ठेवून दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवा आणि पाच मिनिटांत फोटो घ्या. एवढ्या वेळात तापमान बदलत नाही. रेष हलली तर पाट किंवा जोड वाकतोय. नाही हलली तर तासागणिक नोंद ठेवा, ती थंडीच निघेल. ग्रेटिंगच्या धारकाला हात लावताना रेघांच्या पृष्ठभागाला बोट, कापड, ब्रश काहीही लागू देऊ नका. ग्रेटिंग पुसता येत नाही.

०.१ नॅनोमीटरने काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी जमखंडीची गोष्ट सांगतो. पटवर्धनांचं संस्थान, म्हणजे सांगली-मिरजेच्या भावकीतलं गाव. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला लेफ्टनंट जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, स्पेक्ट्रोस्कोप घेऊन तिथे होता. सूर्यबिंबाच्या काठावरच्या ज्वालांमध्ये त्या दिवशी भारतात ठिकठिकाणी चमकत्या रेषा दिसल्या, आणि त्यातली नारिंगी रेष अनेकांनी सोडियमची समजली. ती होती ५८७.६ नॅनोमीटरवर; सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ वर. दीड नॅनोमीटरहूनही कमी अंतर. जागा नेमकी ठरवल्यावर कळलं की ही रेष निराळीच आहे, आणि तिथून हेलियमची ओळख पटली.

मोठ्या यंत्रांत हे फार टोकाला जातं. हवा एका अंशाने गार झाली की तिचा अपवर्तनांक दशलक्षात सुमारे एकाने बदलतो. ताऱ्याच्या वेगात मांडलं तर ही चूक सेकंदाला ३०० मीटरच्या घरात जाते. मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी १९९५ साली ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह ताऱ्याच्या ज्या हेलकाव्यावरून पकडला तो सेकंदाला साठेक मीटरचा होता. म्हणून चिलीतल्या ला सिला इथला हार्प्स स्पेक्ट्रोग्राफ निर्वात टाकीत बसवलाय आणि त्याचं तापमान अंशाच्या शतांशापर्यंत धरून ठेवतात; माउंट अबूवरचा आपला पारस स्पेक्ट्रोग्राफही निर्वातातच आहे. आपल्याला ते परवडणार नाही. मायोर-केलोझ यांनी ताऱ्याच्या सोबतच तुलनेच्या दिव्याचा प्रकाश शेजारच्या फायबरमधून घेतला होता, त्याचा गरिबाघरचा अवतार आपल्याला जमतो: प्रत्येक फोटोच्या आधी आणि नंतर निऑन. सांगलीत घेतलेलं निऑनचं मोजमाप डोंगरावर वापरू नका. महाबळेश्वर सांगलीहून सुमारे ८०० मीटर उंच आहे. नुसत्या हवेच्या दाबाच्या फरकानेच रेष ०.०१ नॅनोमीटर सरकते.

डोंगरावर न जाता पठारावरची थंडी

ही शेवटची तपासणी कडं बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर, दोन्ही वेळा करा. मासळीवाल्यांकडे असते तशी मोठी थर्माकोलची पेटी घ्या. स्पेक्ट्रोग्राफ प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करा, नाहीतर ग्रेटिंगवर दव धरेल. निऑनची आणि कॅमेऱ्याची वायर फटीतून बाहेर काढा, थर्मामीटरचं टोक पाटाला चिकटवा, हवेत लोंबकळत ठेवू नका. बाजूला बर्फाच्या थैल्या, यंत्राला न टेकतील अशा. दर दोन अंशांना एक फोटो, १० अंशांपर्यंत. नुसतं कडं बघायचं असेल तर ते बंद पिशवीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि पिशवीतच ठेवून लॅपटॉपसमोर धरा. प्लास्टिकची पिशवी मात्र स्वतःचाच ताण दाखवू शकते, म्हणून पिशवीऐवजी साध्या काचेची झाकणाची डबी असेल तर उत्तम.

रेषेची जाडी आणि तापमान कागदावर मांडा, गार होतानाची आणि परत गरम होतानाचीही. जाडी हळूहळू, सरळ रेषेत वाढली तर फोकस. एका ठरावीक तापमानापर्यंत काही नाही आणि मग एकदम चढली तर कडं त्या तापमानाला काचेला टेकलं. त्यावरून बोअरमध्ये किती मोकळीक होती हेही उलटा हिशेब करून सांगता येतं, आणि टर्नरला नेमकं किती मायक्रॉन वाढवायचं ते कळतं. गरम होताना आलेख गेल्या वाटेने परत आला नाही, तर काहीतरी घसरून दुसऱ्या जागी बसतंय. तेव्हा रिटेनर रिंग, ग्रेटिंगची स्प्रिंग आणि पाटाचे बोल्ट, या क्रमाने बघा.